तीन विकला आणि एक मण

१/
एम.ए.चा लघुप्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले असताना मला माझ्याच आकडेवारीत एक चूक सापडली. चूक एका शब्दाची होती: ‘मण’. ती सापडल्यानंतर जे वाचले आणि जे सुचले, त्यातून हा धागा तयार झाला आहे. विषय मापांचा आहे. मीटर, किलो, प्रकाशाचा वेग, आणि या आकड्यांमागे उभी असलेली माणसे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी चूक सांगते. माझ्यासमोर एकोणिसाव्या शतकातल्या दोन व्यापाऱ्यांच्या मोडी वह्या होत्या. एक वही मुंबईची, दुसरी घाटावरच्या एका बाजारपेठेतली. दोन्हींत गुळाचे भाव दर मणी नोंदवलेले. घाटावरच्या वहीत मण ४० शेरांचा आणि शेर ८० तोळ्यांचा, असे स्वच्छ लिहिले होते. तोळा ११.६६ ग्रॅम धरला, तर मण ३७.३२ किलोचा होतो. मी दोन्ही वह्यांतले मण याच हिशेबाने किलोत बदलले, तक्ता केला आणि आलेख काढला.

३/
आलेख सांगत होता की मुंबईत गूळ घाटावरच्या निम्म्याहूनही स्वस्त होता. जिथे उसाचे गुऱ्हाळ चालते तिथे गूळ महाग, आणि जिथे तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरून जातो तिथे स्वस्त! इथेच मला शंका यायला हवी होती. त्याऐवजी मी त्याची मीमांसा करणारी चार पाने लिहिली. सागरी मार्गाने येणारा माल, व्यापाऱ्यांमधली चढाओढ, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज, सगळे त्यात आले. ती चार पाने मला फार आवडली होती.

४/
मग एके दिवशी मुंबईच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरातली एक नोंद दिसली: मण, रत्तल २८. रत्तल म्हणजे पौंड. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे साधारण १२.७ किलोचा. ८० तोळ्यांच्या शेराचा, बंगाली म्हणून ओळखला जाणारा मण ८२ पूर्णांक दोन सप्तमांश पौंडांचा. शब्द एकच, वजनात जवळजवळ तिपटीचा फरक. नवा हिशेब केला, तर गूळ मुंबईतच थोडा महाग निघाला. अगदी असायला हवा तसा. चार पाने कोसळली.

५/
खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस मी कोणालाच काही बोलले नाही. मार्गदर्शक बाईंनी ते प्रकरण वाचून मान्य केले होते. परीक्षक मूळ मोडी वह्या उघडून पुठ्ठ्याची आतली बाजू पाहतील, ही शक्यता जवळजवळ नव्हतीच. गप्प राहणे फारच सोपे होते. त्याच दोन दिवसांत, केवळ मन रमवण्यासाठी, मी मीटरचा इतिहास वाचायला घेतला. आणि तिथे मला पियेर मेशँ भेटला.

६/
मीटरची गोष्ट क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये सुरू होते. कापड मोजायचा ‘ओन’ आणि धान्य मोजायचा ‘बुआसो’ ही नावे सर्वत्र तीच, पण गावागणिक त्यांचे माप वेगळे. शिवाय माप शिगेने भरायचे की सपाट करून, हा वाद वेगळाच. आपल्याकडे पायलीवर शीग ठेवायची की नाही यावरून खळ्यावर जे वाद होत, तेच तिथेही होत. जमीनदाराच्या हाती माप असले की घेताना शीग आणि देताना सपाट. १७८९ मध्ये राजासमोर मांडण्यासाठी गावोगावी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्यांत देशभर एकच माप असावे ही मागणी पुन्हापुन्हा येते. मीटरच्या मुळाशी विज्ञानाइतकाच हा शेतकऱ्यांचा रोष होता.

७/
पण एकच माप, ते कोणाचे? पॅरिसचे घेतले तर बाकीचे प्रांत म्हणणार, आमचे का नाही. १७९० मध्ये ताल्येराँ याने राष्ट्रीय सभेपुढे सुचवले की माप निसर्गाकडून घ्यावे: एका सेकंदात एक झोका पुरा करणाऱ्या लंबकाची लांबी. अडचण अशी की लंबकही जागा पाहून वागतो. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या काएन इथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नाही, हे त्यातून उघड झाले.

८/
मार्च १७९१ मध्ये वेगळा निर्णय झाला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. पृथ्वी कोणा राजाची नाही, म्हणून तिच्यापासून घेतलेले माप सगळ्यांचे, हा त्यामागचा विचार. सबंध अंतर मोजणे अशक्य होते, म्हणून पॅरिसवरून जाणाऱ्या रेखावृत्तावरचा डंकर्क ते बार्सिलोना हा साडेनऊ अंशांहून थोडा मोठा तुकडा निवडला. दोन्ही टोके समुद्रकाठची. उत्तरेचा भाग ज्याँ-बाप्तिस्त देलांब्र याच्याकडे, दक्षिणेचा पियेर मेशँ याच्याकडे. जून १७९२ मध्ये दोघे पॅरिसहून विरुद्ध दिशांना निघाले. काम सात वर्षे चालेल, असे कोणाच्याही मनात नव्हते.

९/
पद्धत त्रिकोणांची होती. चर्चचे मनोरे, किल्ले, डोंगरमाथे यांना शिरोबिंदू मानून त्रिकोणांची साखळी विणायची. एका त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजली, की उरलेल्या सगळ्या बाजू कोनांवरून निघतात. शेवटी दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून ठरवायचे. कोन मोजायला बोर्दा याने सुधारलेले वर्तुळयंत्र होते. एकच कोन त्यावर वारंवार मोजून वाचनातली चूक विरळ करत न्यायची, हे त्याचे वैशिष्ट्य.

१०/
बाहेर क्रांती पेटलेली. मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून पाहणारा माणूस लोकांना हेर वाटे. देलांब्रला जमावाने अडवले, आपली यंत्रे कशासाठी आहेत हे त्याला भर चौकात समजावून सांगावे लागले. खुणेसाठी लावलेले पांढरे कापड राजपक्षाचे निशाण वाटू नये, म्हणून त्याला लाल-निळी कापडे जोडावी लागली. पुढे प्रजासत्ताकावरची निष्ठा अपुरी ठरवून त्याला कामावरून काढण्यातही आले. या मोहिमेचे पैसे सांभाळणारा लाव्हाझिए मे १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला.

११/
मेशँ बार्सिलोनाला पोचला. १७९२-९३ च्या हिवाळ्यात त्याने शहराजवळच्या मोंजुईक किल्ल्यावरून रात्रीमागून रात्री तारे मोजले, अक्षांश ठरवला आणि पॅरिसला कळवला. मार्चमध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध सुरू झाले. त्याच सुमारास एका पाणी उपसण्याच्या यंत्रावर अपघात होऊन तो गंभीर जखमी झाला. बरा झाला तेव्हा किल्ल्याची वाट बंद झाली होती. शत्रुदेशात अडकलेल्या या माणसाने रिकाम्या वेळात काय करावे? तो ज्या खाणावळीत राहत होता, तिच्या गच्चीवरून त्याने पुन्हा अक्षांश मोजायला घेतला. पहिल्या कामाची पडताळणी, एवढाच हेतू.

१२/
पडताळणी जुळली नाही. किल्ला आणि खाणावळ यांमधले अंतर माहीत होते, त्या हिशेबाने जे उत्तर यायला हवे होते त्यात सुमारे तीन विकलांचा फरक पडला. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. जमिनीवर तीन विकला म्हणजे साधारण शंभर मीटर. आजवर कोणी केले नाही इतके सूक्ष्म मोजणारा माणूस एका शहराच्या जागेबाबत शंभर मीटरने घोटाळला होता, आणि कुठे घोटाळला हे त्याला काही केल्या कळत नव्हते.

१३/
मेशँने हा फरक लपवला. वर्षानुवर्षे लपवला. तो परतायला टाळाटाळ करू लागला, त्याच्या पत्रांतून निराशा डोकावू लागली. १७९८ मध्ये देशोदेशीचे विद्वान आकडे तपासायला पॅरिसमध्ये जमले, तेव्हाही मूळ वह्या पुढे न ठेवता त्याने नीटनेटके सारांश दिले. विद्वानांनी त्याच्या काटेकोरपणाची वाखाणणी केली. २२ जून १७९९ रोजी प्लॅटिनमचा मीटर फ्रान्सच्या अभिलेखागारात ठेवला गेला. मेशँ वेधशाळेचा प्रमुख झाला. मान मिळाला, झोप मात्र मिळाली नाही.

१४/
पुढे त्याने हट्टाने एक नवी मोहीम मागून घेतली: मोजणी भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांपर्यंत वाढवायची. तसे झाले असते तर बार्सिलोना हे टोक उरले नसते, आणि तिथल्या अक्षांशाची गरजही संपली असती. त्याच मोहिमेत १८०४ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याचे कागद देलांब्रच्या हाती आले. पेन्सिलीने लिहिलेले आणि मागाहून बदललेले आकडे पाहून त्याला सारे उमगले. छापील ग्रंथात त्याने सहकाऱ्याची अब्रू सांभाळत शब्द वापरले. पण मूळ कागद फाडले नाहीत. आपल्या टिपणांसह ते वेधशाळेच्या दप्तरात ठेवून दिले. पुढे कोणाला पाहायचे असेल तर पाहता यावे म्हणून.

१५/
आणि पुढे कोणीतरी पाहिलेच. १८२८ मध्ये निकोले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने तेच आकडे वेगळ्या रीतीने मांडले. डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेकडून जाणारे तारे एका बाजूला, दक्षिणेचे दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंचा समतोल साधून सरासरी. तीन विकलांचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मेशँचा हात चुकला नव्हता. यंत्रातच एका बाजूला कल होता, आणि वारंवार मोजल्याने तो कल विरळ होत नव्हता.

१६/
हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. नेमकेपणा आणि अचूकपणा यांत फरक आहे. शंभर बाण एकाच ठिकाणी लागले तर तो नेमकेपणा. ते ठिकाण लक्ष्य असेल तरच अचूकपणा. मेशँच्या काळात हा भेद स्पष्ट नव्हता, म्हणून प्रत्येक फरक त्याला स्वतःच्या चारित्र्यावरचा डाग वाटला. त्याने तो उघड केला असता, तर कदाचित त्याच्या हयातीतच कोणीतरी उत्तर शोधले असते. चूक एकट्याने सांभाळली, म्हणून ती एकट्यालाच पोखरत राहिली.

१७/
आता मीटरकडे. १७९९ चा मीटर व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. याचा दोष मुख्यतः मेशँकडे जात नाही. ध्रुवांपाशी पृथ्वी किती चपटी आहे याचा धरलेला अंदाज चुकला होता, आणि मुळात पृथ्वी इतकी ओबडधोबड आहे की एका तुकड्यावरून सबंध रेखावृत्त सांगता येत नाही. ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर आज आपल्या मीटरने मोजले तर एक कोटी नव्हे, सुमारे १,००,०२,००० मीटर भरते.

१८/
मग मीटर दुरुस्त का केला नाही? कारण तोवर तो वापरात आला होता. २० मे १८७५ रोजी १७ देशांनी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या केल्या. १८८९ मध्ये प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूची नवी पट्टी प्रमाण ठरली, आणि तिची लांबी जुन्या पट्टीशी जुळवून घेतली होती. ‘निसर्गाकडून घेतलेले माप’ आता सेव्र इथल्या तिजोरीतल्या एका पट्टीचे माप झाले. पृथ्वीची साक्ष काढून टाकली, तिचा चुकलेला जबाब मात्र कायम ठेवला.

१९/
नंतर पट्टीही गेली. १९६० मध्ये मीटर म्हणजे क्रिप्टॉन-८६ च्या ठरावीक प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या, असे ठरले. १९८३ पासून मीटर म्हणजे निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर कापतो ते. शाळेत हा आकडा पाठ करताना मला वाटे, विश्वाने सरळ तीस कोटी का नाही निवडले? उत्तर असे की विश्वाने काहीच निवडलेले नाही. नवी व्याख्या करताना जुनी लांबी बदलू नये, एवढीच खबरदारी घेतली गेली. १७९९ चे ते ०.२ मिलिमीटर या आकड्यात जसेच्या तसे गोठले आहेत. मीटर व्याख्येप्रमाणे नेमका बसला असता, तर प्रकाशाच्या वेगाचा आकडा जवळपास साठ हजारांनी लहान असता. वेग निसर्गाचा आहे, आकडा आपल्या इतिहासाचा.

२०/
किलोची कथा याहून नाट्यमय आहे. १८८९ पासून सेव्रमधला एक धातूचा ठोकळा हाच किलोग्रॅम होता. शंभर वर्षांनी त्याची तुलना त्याच्या अधिकृत प्रतींशी केली, तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडलेले दिसले. पण ठोकळा हलका झाला असे म्हणायची सोय नव्हती. व्याख्येनुसार तो चुकूच शकत नव्हता. तो हलका झाला तर बाकीचे विश्व जड झाले असेच म्हणावे लागे. ज्याला चूक कबूल करताच येत नाही, असे ते माप होते.

२१/
१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायला मतदान होऊन ठोकळा निवृत्त झाला. नवी व्याख्या २० मे २०१९ पासून, म्हणजे मीटर कराराच्या वर्धापनदिनी, लागू झाली. आता प्लांकचा स्थिरांक ठरवून दिला आहे: ६.६२६०७०१५ ला दहाच्या चौतिसाव्या घाताने भागून येणारी संख्या, एकक ज्यूल-सेकंद. त्या एककात किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद तिन्ही दडलेले असतात. मीटर आणि सेकंद आधीच ठरलेले असल्याने स्थिरांक पक्का केला की किलोही पक्का होतो. पूर्वी किलो गृहीत धरून स्थिरांक मोजत. आता स्थिरांक गृहीत धरून किबल तराजूने किलो मोजतात. या तराजूत एका बाजूला वजन, तर दुसऱ्या बाजूला विद्युतप्रवाहाने निर्माण केलेले बल असते.

२२/
आपल्याकडे काय झाले? शिवकालात जमीन मोजायची काठी पाच हात आणि पाच मुठींची होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. आज बिघा महाराष्ट्रात फारसा ऐकू येत नाही. गुंठा मात्र सातबाऱ्यापासून जाहिरातींपर्यंत सर्वत्र आहे. तो ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, आणि ४० गुंठ्यांचा एकर. नाव देशी, पण हिशेब इंग्रजी फुटांचा आणि एकराचा. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा केला, १९५७ मध्ये मीटर करारात प्रवेश केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण मागे घेतले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत भारताचा प्रमाण किलो आला, प्रत क्रमांक ५७.

२३/
तरीही शब्द मरत नाहीत. सराफाकडे आजही ‘तोळा’ चालतो, पण तो बहुधा १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या ज्या तोळ्यांत घडल्या तो ११.६६ ग्रॅमचा होता. उद्या कोणी इतिहासाचा विद्यार्थी दोन पिढ्यांच्या दागिन्यांच्या याद्या शेजारी ठेवून ‘तोळा’ हा शब्द सारखाच वाचील, तर त्याची अवस्था माझ्यासारखी होईल. मापाचे नाव म्हणजे माप नव्हे. ते माप कोणत्या गावचे, कोणत्या काळातले आणि कोणामध्ये ठरलेले, हे सांगितल्याशिवाय त्या नावाला वजन नसते.

२४/
तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले. वहीच्या पुठ्ठ्याचे छायाचित्र त्यांच्यासमोर ठेवले आणि चार पाने चुकीची आहेत, असे सांगितले. त्यांनी छायाचित्र बराच वेळ पाहिले. मग विचारले, “ही नोंद कुठे देणार आहेस?” मी म्हणाले, “परिशिष्टात.” त्या म्हणाल्या, “परिशिष्ट कोण वाचतं गं? पहिल्या प्रकरणात घाल. आधी काय समजलीस, का समजलीस आणि कशावरून कळलं, तिन्ही लिही. पुढच्या मुलांना त्याचाच उपयोग.”

२५/
तसेच केले. तीन आठवडे पुरले नाहीत. मुदत वाढवून घ्यावी लागली, आणि त्या वर्षी एका पुढच्या प्रवेशाची तारीख हुकली. याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. गुळाच्या भावाबद्दल माझ्याकडे आता कोणताही चमकदार निष्कर्ष नाही. मुंबईत गूळ थोडा महाग होता, एवढेच आहे. मात्र वीस पानांचे एक प्रकरण आहे, ज्यात दोन बाजारपेठांतले मण शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि माझा चुकलेला आलेखही त्यात आहे, काट मारून.

२६/
तुमच्या घरात जुने मापटे, पायली, तराजूची वजने किंवा हिशेबाच्या वह्या असतील, तर दोन गोष्टी करा. मापात पाणी भरून ते किती मिलिलीटर भरते ते मोजा, आणि वहीच्या पुठ्ठ्याची आतली बाजू उघडून पाहा. जे सापडेल ते या धाग्याखाली लिहा. गावाचे नाव मात्र विसरू नका. त्याशिवाय आकड्याचा उपयोग नाही, हे मी तीन आठवडे आणि चार पाने खर्चून शिकले आहे.